उष्णतेचा जमाखर्च

गेल्या माघ महिन्यांत घरच्या कांहीं कामानिमित्त पलूस येथें आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. आमचें मोठें एकत्र कुटुंब तेथें अद्याप एका छपराखालीं नांदत आहे. काकू, थोरले बंधू, वहिनी, दोन सुना आणि मुलेंबाळें मिळून रोज पंधरा-सोळा पानें मांडलीं जातात. गणेशजयंतीचा दिवस होता. उकडीच्या मोदकांचा दुसरा घाणा मोदकपात्रांत चढला होता, पंक्तीला उशीर होत होता, आणि धाकट्या सूनबाईंनीं घाईघाईनें पात्राचें झांकण आपल्या अंगाच्या बाजूनें उचललें. कोंडलेली वाफ एकदम मनगटावर आली. किंकाळी ऐकतांच आम्ही सारे स्वयंपाकघराकडे धांवलों.

पुढील दहा मिनिटांत घरांत जें झालें तें सांगण्यास संकोच वाटतो. एक म्हणे शाई लावा, दुसरा म्हणे कणीक थापा, तिसऱ्यानें कच्चा बटाटा किसावयास घेतला. प्रस्तुत लेखकानें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान हा विषय घेऊन पदवी मिळविलेली आहे. त्यानें काय करावें? त्यानें फडताळांतून तुपाची वाटी काढून पुढें केली! भाजलेल्या मनगटावर तूप चोपडण्यांत आलें. संध्याकाळीं डॉक्टरांनीं हात पाहून एकच प्रश्न विचारला, "लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखालीं हात धरला नाहींत का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों.

रात्रीं ओसरीवर बसलों असतां काकूनें विषय काढला.

"अरे, परवां माझ्याही हातावर आधणाचें पाणी उडालें होतें. नुसती लाली आली आणि गेली. वाफ का पाण्याहून जास्त तापलेली असते?"

अकरावींत शास्त्र शिकणारा पुतण्या तत्काळ उत्तरला, "नाहीं आजी, दोन्हींचें तपमान शंभर अंशच."

"मग हिचाच हात एवढा कां पोळला?"

पुतण्याला सूत्रें पाठ होतीं, मला व्याख्या पाठ होत्या. परंतु काकूच्या साध्या प्रश्नाचें तिला पटेल असें उत्तर दोघांपैकीं एकालाही चटकन देतां येईना. त्या रात्रीं मला फारशी झोंप लागली नाहीं. उष्णतेविषयींचें आपलें ज्ञान परीक्षेच्या कागदावर उतरतें, पण चुलीपाशीं येऊन पोंचत नाहीं, ही गोष्ट मनाला लागून राहिली. तेथें राहिलेल्या पुढच्या दिवसांत जें पाहिलें आणि जो विचार केला, तो वाचकांपुढें, विशेषतः ज्यांचा दिवस चुलीपाशीं जातो अशा वाचक-भगिनींपुढें, मांडीत आहें.

ठिणगी आणि बादली

पहिला घोटाळा शब्दांचा आहे. उष्णता आणि तपमान हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. वस्तुतः या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पलूसपासून थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. बेळगांवांतील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपला कारखाना या माळावर आणला. ही जागा औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिली होती, आणि जवळच्या स्टेशनाचें नांव तेव्हां कुंडल रोड असें होतें. येथील लोखंडी नांगर, कडबा कापण्याचीं यंत्रें आणि पुढें पाण्याचे पंप महाराष्ट्रांत सर्वत्र गेले. ज्यांनीं कोणताही लोहारी कारखाना पाहिला असेल त्यांना, धार लावण्याच्या चाकावर लोखंड टेंकवितांच ठिणग्यांचा जो फवारा उडतो, तो आठवत असेल. त्या ठिणगीचें तपमान हजार अंशांच्या घरांत असतें. तरीही ती कामगाराच्या हातावर पडली तर मुंगी चावल्यासारखें होतें इतकेंच. (डोळ्यांवर मात्र चष्मा हवाच.) उलट पंचेचाळीस अंशांच्या स्नानाच्या पाण्यानें कोणाला फोड येत नाहीं, पण तेवढ्यानें साऱ्या अंगाला ऊब येते.

याचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक कॅलरी म्हणतात. लोखंडाला त्यासाठीं पाण्याच्या सुमारें नवव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते. ठिणगी म्हणजे लोखंडाचा एक मिलिग्रॅम कण धरला, तर तो हजार अंशांवरून निवतांना एका कॅलरीचा लहानसा अंश काय तो देणार. पंधरा लिटरांची बादली मात्र पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास तीन लाख कॅलरी लागतात. तपमान म्हणजे पाण्याच्या टांकींतील पाण्याची पातळी. उष्णतेचा हिशेब पाण्याच्या मापाचा. सुईसारख्या बारीक नळींत पाणी दहा हात उंच चढलें तरी ओंजळ भरत नाहीं, आणि तळ्याची पातळी चार बोटेंच वाढली तरी गांवाची तहान भागते.

पातळीचा उपयोग एवढाच कीं प्रवाह कोणत्या दिशेनें वाहणार हें ती सांगते. उष्णता अधिक तपमानाकडून कमी तपमानाकडे जाते; ठिणगी लहान असली तरी तिच्याकडून हाताकडे, आणि बादली मोठी असली तरी तापलेल्या तव्याकडून बादलीकडे. किती जाणार, हा प्रश्न वेगळा.

तोफेनें शिकविलेला धडा

मग उष्णता ही काय वस्तु आहे? अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपांतील बहुतेक पंडितांचें मत असें होतें कीं, उष्णता हा एक अतिसूक्ष्म, वजन नसलेला द्रव असून तो पदार्थांत भरून राहतो. त्याला त्यांनीं 'कॅलरिक' असें नांव दिलें होतें. आपणही "अंगांत उष्णता फार सांठली आहे" असें म्हणतों तेव्हां नकळत त्याच पंथाचे असतों.

या मताला जबर धक्का एका तोफेनें दिला. बेंजामिन टॉम्सन, ऊर्फ काउंट रम्फर्ड, हा जन्मानें अमेरिकन, पण बव्हेरियाच्या दरबारीं मोठ्या हुद्द्यावर होता. म्युनिक येथील तोफखान्यांत पितळी तोफांना भोंक पाडतांना त्या विलक्षण तापतात हें त्यानें पाहिलें. त्यानें मुद्दाम बोथट गिरमीट घेतलें, तोफेच्या तुकड्याभोंवतीं पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांच्या बळानें घर्षण चालू ठेविलें. अडीच तासांनीं विस्तव नसतां पाणी उकळूं लागलें! बघणारांच्या आश्चर्यास पार राहिला नाहीं. १७९८ सालीं हा वृत्तांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. त्याचा मुद्दा असा कीं, घोडा जोंवर फिरतो तोंवर उष्णता निघतच राहते. जी वस्तु एवढ्याशा धातूंतून अखंड, न संपतां, काढतां येते ती भरून ठेवलेला द्रव असणें शक्य नाहीं. ती एक प्रकारची गति असली पाहिजे.

तोफेची कथा आमच्या या भागाला परकी नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या, ही हकीकत इकडे कौतुकानें सांगितली जाते. म्युनिकच्या तोफेनें शास्त्र नांगरलें, पन्हाळ्याच्या तोफांनीं शेतें नांगरलीं! तोफेला याहून चांगली गति ती कोणती?

रम्फर्डनें सुरू केलेलें काम पुरें व्हावयास मात्र आणखी पन्नास वर्षें लागलीं, आणि तें केलें तें एका वैद्यानें व एका दारू गाळणाऱ्याच्या मुलानें. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० सालीं एका डच जहाजावरून जावा बेटास गेला होता. तेथें खलाशांच्या शिरांतून काढलेलें रक्त त्याला नेहमींपेक्षां अधिक लालभडक दिसलें. उष्ण देशांत अंग ऊबदार ठेवण्यास शरीराला कमी जाळावें लागतें, असा तर्क त्यानें बांधला; आणि त्यावरून खाल्लेलें अन्न, अंगची ऊब व केलेलें श्रम हीं सारीं एकाच खात्यावरचीं असलीं पाहिजेत, या विचारापर्यंत तो येऊन पोंचला. १८४२ सालीं त्यानें तो प्रसिद्ध केला. इकडे मँचेस्टरजवळ जेम्स जूल यानें वजनें खालीं सोडून त्यांच्या ओढीनें पाण्यांत वल्हीं फिरविलीं आणि पाणी किती तापतें हें अंशाच्या बारीक भागापर्यंत मोजलें. अनेक वर्षांच्या चिकाटीनें त्यानें भाव ठरविला: अमुक काम केलें कीं तमुक उष्णता, कधीं कमी नाहीं, कधीं जास्त नाहीं. आजच्या मापांत एक कॅलरी म्हणजे सुमारें ४·१८ जूल.

या भावाप्रमाणें पाणी सुमारें ४२७ मीटर उंचीवरून कोसळून तळाशीं स्थिर झालें तर तें अवघ्या एका अंशानें तापेल. आपल्याच सातारा जिल्ह्यांत कोयनेचें पाणी डोंगरांतील बोगद्यांतून कोंकणच्या बाजूस जवळजवळ पावणेपांचशें मीटर खालीं उतरवून वीज निर्माण करितात. ज्या पाण्याच्या पतनावर महाराष्ट्राचे कारखाने आणि दिवे चालतात, तें पाणी नुसतेंच दरींत कोसळलें असतें तर तापलें असतें जेमतेम एका अंशाहून किंचित् अधिक! एका अंशाची उष्णता वाटते क्षुल्लक. कामाच्या भाषेंत ती केवढी मोठी असते, हें यावरून ध्यानांत यावें.

तिजोरींतील शिल्लक

आतां मुख्य कल्पनेकडे येऊं. कोणताही पदार्थ असंख्य सूक्ष्म रेणूंचा बनलेला असतो. हे रेणू स्वस्थ नसतात. ते सारखे धांवत, थरथरत, फिरत असतात, आणि शिवाय एकमेकांना धरून असतात. या धांवपळीची आणि या धरून राहण्याची मिळून जी ऊर्जा, तिला त्या पदार्थाची आंतरिक ऊर्जा म्हणतात. तपमान हें मुख्यतः धांवपळीचें माप आहे. धरबंधांतील ऊर्जा तपमापकाला दिसत नाहीं. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. काकूच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत दडलेलें आहे.

आंतरिक ऊर्जा आणि उष्णता यांतील भेद एकत्र कुटुंबांत राहणारांना समजावून सांगणें सोपें आहे. पूर्वीच्या काळीं मुंबईस नोकरीला असलेला धाकटा भाऊ दरमहा घरीं मनीऑर्डर करी. थोरला भाऊ गांवीं शेतमाल विकून रोख पैसे आणी. दोन्ही रकमा घरच्या तिजोरींत पडत. एकदां पडल्यावर तिजोरी उघडून कोणी विचारूं लागला, "यांत मनीऑर्डर किती आहे आणि शेतमाल किती आहे?" तर आपण हंसूं. तिजोरींत असते ती नुसती शिल्लक. मनीऑर्डर हें पैसे येण्याच्या एका वाटेचें नांव आहे.

तसेंच येथें. आंतरिक ऊर्जा ही शिल्लक. ती वाढण्याच्या वाटा दोन. तपमानांतील फरकामुळें जी ऊर्जा एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाते ती उष्णता. आणि ढकलून, घांसून, दाबून जी दिली जाते तें काम. थंडींत हात शेगडीपाशीं धरा किंवा तळहात एकमेकांवर चोळा. ऊब दोन्ही वाटांनीं येते, आणि आल्यावर ती कोणत्या वाटेनें आली हें हाताकडे पाहून सांगतां येत नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, तें विस्तवानें नव्हे, आपल्या दंडाच्या श्रमानें. म्हणून "या पदार्थांत उष्णता किती आहे?" हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या "तिजोरींत मनीऑर्डर किती?" यासारखाच आहे. उष्णता वाटेवर असते. पोंचली कीं तिचें नांव बदलतें.

यावरून ऊष्मागतिशास्त्राचा पहिला नियम आपोआप निघतो. जेवढी उष्णता आंत आली, तींतून पदार्थानें बाहेर जेवढें काम केलें तें वजा करा. उरेल ती शिल्लकेंतील वाढ. पै-पैचा हिशेब. कोठें गळती नाहीं, कोठें आकाशांतून पडलेलें धन नाहीं. कोणत्याही चोख कारभाऱ्याला हा नियम शिकवावा लागत नाहीं. त्याची वही हाच तो नियम.

गुऱ्हाळावरील गुळव्या

तिसऱ्या दिवशीं आम्ही मळ्यांतल्या गुऱ्हाळावर गेलों. कृष्णाकांठचा हा ऊंसाचा मुलूख. साखर कारखान्यांमुळें गुऱ्हाळें पूर्वीइतकीं राहिलीं नाहींत, तरी थंडीच्या दिवसांत एखाद्या मळ्यांतून काकवीचा गोड वास अजून येतो. चुलवाणावर रुंद काहील चढली होती. खालीं वाळलेलीं चिपाडें सारखीं आंत जात होतीं. रसांत भेंडीचें पाणी पडलें, मळी वर आली, ती झाऱ्यानें काढून टाकली, आणि मग खळखळा उकळी फुटली. पुतण्यानें बरोबर तपमापक आणला होता. तो पुढें करून तो म्हणाला, "एवढा जाळ चालला आहे, पण आंकडा हलेना!"

म्हातारा गुळव्या हंसला. "उकळी फुटंपातूर रस तापतो, बाळ. उकळी फुटली की मग जाळ खातो, पण तापत न्हाई. पानी सरत आलं की मग बघ, कसा भराभरा चढतो त्यो."

मीं मनांतल्या मनांत त्या वृद्धाला नमस्कार केला. ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यानें १७६२च्या सुमारास जें प्रयोगानें सिद्ध केलें, तें या माणसानें पांच शब्दांत सांगितलें होतें: जाळ खातो, पण तापत नाहीं. ब्लॅकनें या खाल्लेल्या जाळाला गुप्त उष्णता असें नांव दिलें.

हा जाळ जातो कोठें? रेणूंचा धरबंध तोडण्यांत. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वाफ व्हावयाची म्हणजे प्रत्येकाला त्या मिठींतून सोडवावें लागतें. धांवपळ वाढत नाहीं, म्हणून तपमान चढत नाहीं; पण शिल्लक वाढतच असते. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून शंभरांपर्यंत नेण्यास ८० कॅलरी पुरतात. त्याच शंभर अंशांच्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करण्यास ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ सातपट. हजार लिटर रसाची काहील धरली तर तीतून सुमारें आठशें लिटर पाणी उडवावें लागतें, तेव्हां कोठें गूळ हातीं लागतो. अखेरीस पाणी संपत आलें कीं काहिलींतील पाक शंभराच्या पुढें, ११५ ते ११८ अंशांपर्यंत चढतो. नेमक्या त्या क्षणीं गुळव्या पाण्यांत थेंब टाकून गोळी होते का पाहतो आणि काहील उतरवितो. तपमापकावांचून एखाद-दुसऱ्या अंशाचा अंदाज बांधणाऱ्या त्या बोटांचें कौतुक करावें तेवढें थोडें.

आणि येथेंच काकूला उत्तर मिळालें. परत येऊन मीं तिला हिशेब मांडून दाखविला. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम थेंब हातावर पडला तर तो शंभर अंशांवरून अंगाच्या सदतीस अंशांवर येतांना ६३ कॅलरी देतो. शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ कातड्याला लागली तर ती आधीं पाणी होते आणि मिठी सोडविण्यास खर्च झालेल्या ५४० कॅलरी तेथल्या तेथें परत करते. मग उरलेल्या ६३ देते. एकूण ६०३. तपमान सारखें, पण देणें साडेनऊपट!

काकू थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे चुलीनें वाफेला जें दिलें तें वाफेनें पोरीच्या हाताला दिलें म्हणावयाचें." याहून चांगलें उत्तर मला परीक्षेंत लिहितां आलें नसतें.

कर चुकत नाहीं

पहिल्या नियमानें एवढें समजलें कीं ऊर्जा नाहींशी होत नाहीं. मग पुतण्यानें रास्त शंका काढली. ऊर्जा कधीं नाहींशीच होत नाहीं, तर जळण वांचवा, वीज वांचवा म्हणून घरोघरीं ओरड कशाला? गेलेली उष्णता पुन्हां गोळा करून वापरावी!

या शंकेला उत्तर म्हणजे दुसरा नियम. पाटावर ठेविलेली आमटी निवते. तिची उष्णता खोलीभर पसरते. ती उष्णता खोलींतच असते, एक कॅलरीही कमी झालेली नसते. तथापि खोलींतील हवा आपण होऊन गार झाली आणि आमटी पुन्हां उकळूं लागली, असें कोणाच्याही घरीं आजवर घडलेलें नाहीं. पहिला नियम याला आडकाठी करीत नाहीं, वही जुळते. आडकाठी दुसरा नियम करतो. उष्णता आपण होऊन थंडाकडून उष्णाकडे जात नाहीं. पसरलेली मोहरी जमिनीवर असतेच; पण ती वेंचून पुन्हां डब्यांत भरावयास श्रम पडतात. या विखुरलेपणाच्या मापाला जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस यानें १८६५ सालीं एन्ट्रॉपी असें नांव दिलें. जगाच्या व्यवहारांत एकंदरींत ती वाढते, घटत नाहीं.

त्याच्याही आधीं, १८२४ सालीं, सादी कार्नो नांवाच्या तरुण फ्रेंच इंजिनियरानें वाफेच्या यंत्राचा विचार करून एक मर्म सांगितलें होतें. नुसती उष्णता असून यंत्र चालत नाहीं. ती जेथें जाऊन पडेल अशी थंड जागाही लागते. पाणचक्कीला जशी वरची आणि खालची अशा दोन पातळ्या लागतात, तशा यंत्राला दोन तपमानांच्या. वरची पातळी २०० अंश व खालची १०० अंश असेल, तर यंत्र कितीही निर्दोष केलें तरी शेंकडा २१हून अधिक उष्णतेचें काम होणार नाहीं. उरलेली खालीं टाकून द्यावीच लागते. तो निसर्गाचा कर. कार्नो १८३२ सालीं ऐन छत्तिसाव्या वर्षीं पटकीनें वारला. आपल्या लहानशा पुस्तकाचें महत्त्व जगाला पटलेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

कुंडल रोड स्टेशनावरून एके काळीं धूर ओकीत जाणारीं वाफेचीं इंजिनें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना त्या धुराची आणि सुस्काऱ्यांची शोभा आठवत असेल. ती शोभा महाग होती. अशा इंजिनांत दहा पोतीं कोळसा जळला तर गाडी ओढण्याच्या कामीं एका पोत्याचाही सबंध उपयोग होत नसे; बाकी सारें धुराड्यांतून आणि फुसफुसणाऱ्या वाफेंतून आकाशाला अर्पण होई. आजच्या तेलाच्या इंजिनांत साधारण तिसरा हिस्सा कामीं येतो. गुऱ्हाळाच्या जुन्या, एका काहिलीच्या चुलवाणांतही चिपाडांची बरीचशी उष्णता धुरावाटेंच निघून जाते. म्हणून कोठें कोठें धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील मांडून नवा रस आधींच कोमट करून घेतात. कर चुकवितां येत नाहीं, पण उधळपट्टी टाळतां येते. या दोहोंतील फरक ज्याला कळला त्याला ऊष्मागतिशास्त्र कळलें.

याच संदर्भांत एक गमतीची गोष्ट. वैशाखांत स्वयंपाकघर तापलें कीं फ्रिजचें दार उघडें टाकून खोली गार करण्याची कल्पना आमच्या घरच्या मुलांनीं एकदां काढली होती. वाचक-भगिनींनीं फ्रिजच्या पाठीमागें किंवा बाजूला हात लावून पाहावा. तेथें तो ऊन लागतो. फ्रिज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतली उष्णता विजेच्या श्रमानें उपसून बाहेर टाकतो, आणि खर्चिलेली वीजही शेवटीं उष्णता होऊन खोलींतच पडते. दार उघडें टाकलें तर खोली गार न होतां अधिक तापेल, वर विजेचें बिल येईल तें वेगळेंच. त्यापेक्षां आपला मातीचा माठ शहाणा. त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होतांना जी गुप्त उष्णता खातें, ती आंतल्या पाण्याकडूनच घेतें. पलूसच्या कोरड्या उन्हाळ्यांत माठाचें पाणी म्हणूनच एवढें गार लागतें, आणि कोंकणच्या दमट हवेंत तोच माठ निरुपयोगी ठरतो.

चुलीपाशीं परत

या साऱ्या शास्त्राचा घरांत उपयोग काय, असें काकूनें निघण्याच्या आदल्या दिवशीं विचारलें. तो प्रश्न योग्यच होता.

पहिला उपयोग जळणाचा. भांड्याला उकळी आली कीं पाणी त्याहून तापत नाहीं. मग आंच मोठी ठेवल्यानें डाळ लवकर शिजत नाहीं, वाफ मात्र अधिक उडते. म्हणून उकळीनंतर आंच लहान करावी आणि झांकण ठेवावें. झांकण नसलेलें भांडें म्हणजे ग्रॅमला ५४० कॅलरी या भावानें छपराला दिलेलें दान. कुकरांत दाबामुळें पाणी १२० अंशांपर्यंत तापूं शकतें, म्हणून अन्न लवकर शिजतें. पण शिटी झाल्यावर मोठी आंच तेथेंही व्यर्थच.

दुसरा उपयोग हाताचा. मोदकपात्राचें किंवा कोणतेंही वाफेचें झांकण उचलतांना त्याची पलीकडची कड आधीं वर करावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाईल.

आणि तिसरा, ज्यासाठीं हा लेख लिहिला. भाजल्याबरोबर जखम पुरी झालेली नसते. कातड्याच्या वरच्या थरांत शिरलेली उष्णता पातळीच्या नियमाप्रमाणें आंतल्या गार थरांकडे वाहतच असते आणि तेथेंही इजा करीत जाते. तिला दुसरी वाट करून दिली पाहिजे. बांगड्या, अंगठी काढून साध्या गार पाण्याची मंद धार वीस मिनिटें सोडावी. वाहतें पाणी ती उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. बर्फ लावूं नये, त्यानें कातडीला निराळी इजा होते. तूप, शाई, कणीक यांनीं उष्णतेची वाट मोकळी होत नाहीं. उलट बुजते, आणि डॉक्टरांना जखम धड पाहतांही येत नाहीं. भाजणें मोठें असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल असेल तर पाणी ओततां ओततांच डॉक्टरांकडे जाण्याची तयारी करावी.

हें सर्व शास्त्र त्या गणेशजयंतीच्या दिवशीं माझ्या डोक्यांत होतें. दोन्ही नियम, दोन्हींचीं सूत्रें, कार्नोपासून क्लाउझियसपर्यंत सारीं नांवें. मोरीचा नळ चार पावलांवर होता. तरी माझा हात गेला तो तुपाच्या वाटीकडे. सूनबाईंच्या मनगटावरील फोड बरा व्हावयास तीन आठवडे लागले, आणि त्याचा फिकट डाग अद्याप आहे. त्या बिचारीनें तोंडांतून एक शब्द काढला नाहीं; पण पानावर बसलों असतां वाढणारा तो हात समोर आला म्हणजे माझी मान आपोआप खालीं जाते.

परवां काकूचा फोन आला. शेजारच्या घरीं एका मुलाच्या पायावर कढत चहा सांडला. मंडळी शाईची बाटली शोधीत होती. काकूनें मुलाला उचलून तडक नळाखालीं नेलें आणि घड्याळ लावून वीस मिनिटें धार सोडली. "फोडसुद्धां आला नाहीं रे," ती म्हणाली, आणि जरा थांबून पुढें बोलली, "तुझ्या त्या वहींत हें जमेच्या बाजूला मांडून ठेव."

मांडून ठेविलें आहे.